विश्लेषण : वीस इंची चाकांचा ऑलिम्पिक खेळ… बीएमएक्स म्हणजे काय आणि वर्ध्यात त्याची सुरुवात कुठून होऊ शकते?

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या सायकल दुकानात सात-आठ वर्षांच्या मुलासाठी सायकल मागितली, की बऱ्याचदा एक ठेंगणी, जाड टायरची सायकल पुढे येते आणि तिची ओळख करून दिली जाते, 'ही बीएमएक्स'. पालकांच्या लेखी बीएमएक्स म्हणजे मोठी सायकल घेऊन देईपर्यंतची लहान सायकल. प्रत्यक्षात याच नावाच्या खेळात २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदके दिली गेली. दुसरीकडे मोबाइलवरील रील पाहून पुढचे चाक उचलणारी, गतिरोधकावरून उडी मारणारी मुले आता तालुक्याच्या गावातही दिसतात. त्यांना हा खेळ आवडतो, पण तो खेळ आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आणि तो खेळायला रस्त्याखेरीज जागा नाही. हा खेळ नेमका काय आहे, त्याचे प्रकार कोणते, धोका किती आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यात तो कसा रुजू शकतो, याचा हा आढावा.

बीएमएक्स म्हणजे काय?

बीएमएक्स हे 'बायसिकल मोटोक्रॉस' या नावाचे लघुरूप. मोटोक्रॉस म्हणजे उंचसखल मातीच्या मार्गावरील मोटारसायकलींची शर्यत. त्याच धर्तीवर, पण इंजिनाविना, केवळ पायांच्या जोरावर खेळला जाणारा खेळ म्हणजे बीएमएक्स. इंग्रजीतील 'क्रॉस' शब्दासाठी फुलीचे चिन्ह वापरले जाते, म्हणून शेवटी 'एक्स' आला.

खेळाच्या दोन मुख्य शाखा आहेत. पहिली रेसिंग, म्हणजे शर्यत. येथे जो आधी पोहोचेल तो जिंकतो. दुसरी फ्रीस्टाइल, म्हणजे कसरती. येथे परीक्षक गुण देतात. फरक समजून घ्यायचा तर शाळेच्या क्रीडा संमेलनातील १०० मीटर धावणे आणि मल्लखांब आठवावा. एकात घड्याळ निकाल देते, दुसऱ्यात परीक्षकाची नजर. सायकल दोन्हींकडे २० इंची चाकांचीच असते, पण सराव, सायकलची बांधणी आणि खेळाडूची घडण वेगळी असते.

खेळाचा जन्म कसा झाला?

बीएमएक्सचा शोध कोणा संघटनेने लावला नाही, तो मुलांनी लावला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात मोटोक्रॉसचे वेड होते. मोटारसायकल घेण्याचे वय नाही आणि पैसाही नाही, अशी मुले 'श्विन स्टिंग-रे' या लहान चाकांच्या सायकली घेऊन मोकळ्या, ओसाड जागांवर शर्यती लावू लागली. मातीचे ढिगारे त्यांनीच रचले, वळणे त्यांनीच आखली. १९७० मध्ये लाँग बीच येथे स्कॉट ब्रेथॉप्ट या १३ वर्षांच्या मुलाने अशा शर्यती रीतसर भरवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये ब्रूस ब्राउन यांचा 'ऑन एनी संडे' हा मोटारसायकलींवरील माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच सायकलींवर मोटोक्रॉसची नक्कल करणारी मुले दिसतात. त्या काही क्षणांनी हा खेळ अमेरिकाभर पोहोचवला.

पुढे १९७४ मध्ये नॅशनल बायसिकल लीग आणि १९७७ मध्ये अमेरिकन बायसिकल असोसिएशन या संघटना उभ्या राहिल्या. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९८२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्याच वर्षी आलेल्या 'ई.टी.' या चित्रपटात चंद्रापुढून उडणारी सायकल जगाने पाहिली, तीही बीएमएक्सच होती. १९९३ पासून हा खेळ यूसीआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या छत्राखाली आहे.

आधी मुले, मग मोकळी जागा, मग स्पर्धा आणि सर्वांत शेवटी संघटना, असा हा क्रम आहे. भारतातील चर्चा अनेकदा याच्या उलट्या टोकाने सुरू होते.

ही सायकल वेगळी कशी?

चाक लहान असले की ते हलके आणि मजबूत होते, चटकन वेग घेते आणि हवेत सायकल फिरवणे सोपे जाते. म्हणून प्रौढ खेळाडूही २० इंची चाकेच वापरतात. शर्यतींत २४ इंची चाकांच्या सायकलींचा 'क्रूझर' नावाचा वेगळा गट असतो. गिअर बदलण्याची सोय नसते, एकच गिअर असतो. आसन इतके खाली असते की त्यावर बसून पॅडल मारणे गैरसोयीचेच. कारण खेळाडू जवळजवळ सगळा वेळ उभाच असतो. आसन वाटेत येऊ नये, एवढीच अपेक्षा.

रेसिंगची सायकल ॲल्युमिनियम किंवा कार्बन फायबरची, शक्य तितकी हलकी आणि फक्त मागच्या चाकाला ब्रेक असलेली असते. फ्रीस्टाइलची सायकल उंचावरून आदळणे सोसणाऱ्या क्रोमोली पोलादाची असते. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या या पोलादाच्या नळ्या पातळ असूनही चिवट असतात. काही सायकलींना चाकांच्या अक्षावर 'पेग' नावाचे धातूचे दांडे लावलेले असतात. त्यांवर पाय ठेवता येतो किंवा कठड्यावरून घसरता येते. हँडल गोल फिरवले तरी ब्रेकची तार गुंडाळली जाऊ नये, यासाठी 'जायरो' नावाची युक्ती असते. अनेक फ्रीस्टाइल खेळाडू ब्रेक काढूनच टाकतात.

रेसिंगमध्ये काय घडते?

उंच चौथऱ्यावर एका रांगेत आठ खेळाडू उभे असतात. पुढची चाके एका आडव्या फाटकाला टेकलेली. दोन्ही पाय पॅडलवर, जमिनीवर एकही नाही. ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते, दिवे लागतात आणि फाटक खाली पडते. सूचना संपणे आणि फाटक पडणे यांतील अंतर दर वेळी बदलते, त्यामुळे अंदाज बांधून आधीच निघता येत नाही. सर्वोच्च पातळीवरील स्पर्धेत हा चौथरा आठ मीटर उंच असतो, म्हणजे साधारण अडीच मजले. त्यावरून उतरताना काही सेकंदांतच वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जातो.

पुढचा मार्ग सुमारे ३०० ते ४०० मीटरचा. त्यात सरळ पट्टे आणि बाहेरच्या बाजूने उंचावलेली वळणे असतात. वळणाच्या या कलत्या भिंतीला 'बर्म' म्हणतात. विहिरीच्या कडेने मोटारसायकल फिरवणारा जत्रेतला खेळाडू ज्या तत्त्वावर टिकतो, तेच तत्त्व येथे वेग टिकवायला मदत करते. पट्ट्यांवर वेगवेगळे उंचवटे असतात. दोन टेकड्यांमध्ये पोकळी असेल तर 'डबल', माथा सपाट असेल तर 'टेबलटॉप' आणि लहान उंचवट्यांची लागोपाठ माळ असेल तर 'ऱ्हिदम सेक्शन'. सगळी शर्यत ३५ ते ४० सेकंदांत संपते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा नुसता धिंगाणा वाटतो. पण पहिल्या वळणावर पुढे असणारा बहुधा शेवटपर्यंत पुढे राहतो. त्यामुळे खेळाडूंच्या सरावाचा मोठा वाटा फाटकावरून निघण्याच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांसाठी असतो. प्राथमिक फेऱ्यांत क्रमांकानुसार गुण मिळतात. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पुढे जातो.

फ्रीस्टाइलचे प्रकार कोणते?

शर्यत संपल्यावर किंवा सुरू होण्याआधी मुले गंमत म्हणून ज्या कसरती करत, त्यांतून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रीस्टाइल जन्माला आली. कॅलिफोर्नियातील बॉब हॅरो यांचे नाव या शाखेच्या जनकांत घेतले जाते. आज तिचे पाच प्रकार प्रामुख्याने मानले जातात.

पार्क : लाकडी किंवा काँक्रीटच्या उतारांनी भरलेल्या बंदिस्त मैदानात हा प्रकार होतो. एका उतारावरून उडी घ्यायची, हवेत कोलांटी किंवा गिरकी मारायची आणि दुसऱ्या उतारावर अलगद उतरायचे. ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलचा हाच प्रकार आहे. खेळाडूला ६० सेकंदांची फेरी मिळते. अवघडपणा, उंची, वैविध्य, सफाई आणि मैदानाचा कल्पक वापर पाहून परीक्षक शंभरापैकी गुण देतात.

स्ट्रीट : पायऱ्या, कठडे, लोखंडी रेलिंग, ओटे अशा शहरातील वस्तूंचा वापर करून केलेल्या कसरती. नाव 'स्ट्रीट' असले तरी स्पर्धा वाहत्या रस्त्यावर होत नाही. या वस्तूंची प्रतिकृती मैदानात उभारली जाते. रील पाहणाऱ्या मुलांचा गोंधळ होतो तो नेमका येथेच.

डर्ट : मातीच्या मोठ्या टेकड्यांवरून उड्या. आसपासच्या मोकळ्या जागेत फावडे घेऊन खेळाडू स्वतःच या टेकड्या बांधतात आणि त्यांची निगा राखतात. टेकडी ज्याने बांधली नाही, त्याने आधी फावडे धरावे आणि मग उडी मारावी, असा या मंडळींचा अलिखित नियम आहे.

व्हर्ट : दोन्ही बाजूंनी उभ्या भिंतीसारख्या चढत जाणाऱ्या अर्धगोल उतारावर केलेल्या कसरती. खेळाडू भिंतीच्या काठावरूनही कित्येक फूट वर जातो. हा सर्वांत उंच आणि सर्वांत धोकादायक प्रकार.

फ्लॅटलँड : उतार नाही, उडी नाही, टेकडी नाही. लागतो तो फक्त एक सपाट, गुळगुळीत ओटा. खेळाडू एका चाकावर तोल सावरतो, पेगवर उभा राहतो, सायकल स्वतःभोवती फिरवतो, हँडलवर बसतो आणि हे सारे पाय जमिनीला न लावता एकातून एक ओवत जातो. जपानचे खेळाडू यात आघाडीवर आहेत.

फ्लॅटलँड मराठी प्रेक्षकाला परका वाटू नये. गावच्या चौकात सात-सात दिवस सायकलवरून न उतरणारे, सायकलवरच अंघोळ आणि जेवण करणारे, संध्याकाळी हँडलवर उभे राहून कसरती दाखवणारे कलावंत महाराष्ट्राच्या गेल्या दोन पिढ्यांनी पाहिले आहेत. लोक नाणी टाकत, टाळ्या वाजवत. त्या कौशल्याला ना नियम मिळाले, ना परीक्षक, ना शाळा. म्हणून तो खेळ झाला नाही, तमाशगिरी ठरला आणि हळूहळू संपला. कॅलिफोर्नियातील मुलांना नियम आणि स्पर्धा मिळाल्या, एवढाच दोहोंतील मोठा फरक.

ऑलिम्पिकमध्ये आजवर काय झाले?

रेसिंगला ऑलिम्पिकमध्ये घेण्याचा निर्णय २००३ मध्ये झाला आणि २००८ च्या बीजिंग स्पर्धेत ते प्रथम खेळले गेले. पुरुषांत लाटव्हियाचा मारिस स्ट्रॉम्बर्ग्स आणि महिलांत फ्रान्सची ॲन-कॅरोलिन शॉसॉन पहिले विजेते ठरले. स्ट्रॉम्बर्ग्सने २०१२ मध्ये लंडनलाही सुवर्ण जिंकले. कोलंबियाच्या मारियाना पाहोनने २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके मिळवली. टोकियोत नेदरलँड्सचा निक किमन आणि ब्रिटनची बेथनी श्रायव्हर, तर पॅरिसमध्ये फ्रान्सचा जोरिस दॉदे आणि ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा विजयी झाले. पॅरिसमध्ये पुरुषांच्या शर्यतीतील तिन्ही पदके यजमान फ्रान्सने घेतली.

फ्रीस्टाइल पार्कचा समावेश टोकियो ऑलिम्पिकपासून झाला. तेथे ऑस्ट्रेलियाचा लोगन मार्टिन आणि ब्रिटनची शार्लेट वर्दिंग्टन यांनी सुवर्ण जिंकले. वर्दिंग्टन पहिल्या फेरीत ३६० अंशांची उलटी कोलांटी घेताना पडली. दुसऱ्या फेरीत तिने तीच कसरत पुन्हा केली, यशस्वी केली आणि ९७.५० गुण मिळवले. पॅरिसमध्ये अर्जेंटिनाचा होसे तोरेस आणि चीनची डंग यावन विजेते ठरले.

या यादीतील दोन गोष्टी वर्ध्याच्या वाचकाने लक्षात ठेवाव्यात. स्ट्रॉम्बर्ग्स ज्या वाल्मिएरा गावचा, त्याची लोकसंख्या जेमतेम २५ हजार, म्हणजे हिंगणघाटच्या चौथाईइतकी. आणि श्रायव्हर ऑलिम्पिकची तयारी करत होती, तेव्हा ब्रिटनमध्ये महिला बीएमएक्सचा निधी थांबवण्यात आला होता. तिने लहान मुलांच्या शाळेत सहायक म्हणून काम केले, लोकवर्गणी गोळा केली आणि टोकियो गाठले. मोठ्या देशांतही हा खेळ आपोआप पोसला जात नाही.

धोका किती?

धोका खरा आहे आणि तो झाकून हा खेळ कोणाला शिकवू नये. टोकियोत २०१६ चा विजेता, अमेरिकेचा कॉनर फिल्ड्स उपांत्य फेरीत पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. साया साकाकिबाराचा भाऊ काई हाही अव्वल खेळाडू होता. फेब्रुवारी २०२० मधील अपघातात त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि त्याची कारकीर्द संपली. पॅरिसमध्ये साया ७७ हा क्रमांक लावून शर्यतीत उतरली, तो त्याचाच.

हे अपघात आठ मीटर उंचीच्या, सर्वोच्च पातळीच्या स्पर्धांतले आहेत. नवशिक्याच्या वाट्याला येतात ती खरचटणी, मुरगळणे आणि मनगट किंवा गळपट्टीच्या हाडाचे मोड. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, गुडघे व कोपरांचे संरक्षक, लांब बाह्यांचा सदरा आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेली उंची, ही या खेळाची पहिली इयत्ता आहे. कसे पडावे, हेही शिकवले जाते. अनेक देशांत पाच-सहा वर्षांची मुले लहान ट्रॅकवर सुरुवात करतात, ती याच शिस्तीच्या भरवशावर.

याउलट रस्त्यावर, हेल्मेटविना, मागून ट्रक येत असताना उचललेले चाक हा कोणत्याही व्याख्येने खेळ नाही. बंदिस्त ट्रॅकवर मूल पडले तर ते मातीवर पडते. रस्त्यावर ते कशाखाली येईल, याचा नेम नसतो. मुलाला रागावून हा प्रश्न फार तर आठवडाभर सुटतो.

भारत आणि महाराष्ट्र कुठे आहेत?

भारतात या खेळाची सूत्रे भारतीय सायकलिंग महासंघाकडे येतात. रस्ता, ट्रॅक, माउंटन बाइक आणि बीएमएक्स या शाखा त्याच्याच कक्षेत आहेत. आशियाई क्रीडा स्पर्धांत २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेपासून बीएमएक्स रेसिंग आहे. मात्र ऑलिम्पिकमध्ये अद्याप एकही भारतीय बीएमएक्स खेळाडू उतरलेला नाही. किंबहुना १९६४ नंतर कोणत्याही प्रकारात भारताचा सायकलपटू ऑलिम्पिकला गेलेला नाही.

विदर्भाला सायकलिंगचे वावडे नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, जवळपास पाच हजार किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्याने १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकचे श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. ही शर्यत एकट्याने पार करणारे हे पहिले दोन भारतीय. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत महाराष्ट्राच्या मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे ट्रॅक सायकलिंगमध्ये भारताकडून उतरल्या. अंतर कापणे आणि सपाट ट्रॅकवर वेग घेणे आपल्याला जमते, हे यातून दिसते. उंचवटे, उड्या आणि ४० सेकंदांचा स्फोट हा अनुभव मात्र आपल्याकडे जवळजवळ नाही.

याचे एक उत्तर दिल्लीच्या उदाहरणात आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी तेथे आंतरराष्ट्रीय दर्जाचा बंदिस्त सायकल ट्रॅक बांधला गेला. २०१९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे भारताच्या कनिष्ठ संघाने सांघिक स्प्रिंटमध्ये जागतिक सुवर्ण जिंकले. मधल्या नऊ वर्षांत भारतीय मुलांचे पाय बदलले नव्हते. त्यांना सराव करायला जागा मिळाली होती.

वर्ध्यात सुरुवात कशी होऊ शकते?

आठ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात ऑलिम्पिक दर्जाचा ट्रॅक मागणे हा हट्ट ठरेल. त्याची गरजही नाही. सुरुवातीसाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, फ्लॅटलँडसाठी एक गुळगुळीत सिमेंटचा ओटा. शाळेचे बास्केटबॉल मैदान शाळा सुटल्यावर दोन तास यासाठी देता येते. उड्या नसल्याने इजेचा धोका कमी, आणि तोल, संयम व सातत्य या तीन गोष्टी मूल येथेच शिकते.

दुसरी, पंप ट्रॅक. हा लहान उंचवटे आणि कलत्या वळणांचा गोलाकार मार्ग असतो. त्यावर पॅडल मारायचे नसते. उंचवट्यावर शरीर हलके करायचे आणि उतारावर दाबायचे, झोका घेताना करतो तसे. तेवढ्यावर सायकल पळत राहते. सहा वर्षांच्या मुलापासून मोठ्यांपर्यंत कोणीही, कोणत्याही धडधाकट सायकलवर तो वापरू शकते. शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यातही तो मावतो.

येथे मातीचा प्रश्न येतो आणि वर्ध्याच्या शेतकऱ्याला तो कोणी समजावून सांगायची गरज नाही. जिल्ह्याची काळी कसदार जमीन कपाशीला चांगली, ट्रॅकला नाही. पावसात ती फुगते आणि चाकाला लोण्यासारखी चिकटते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची टेकडी एक पावसाळाही आकार धरत नाही. त्यामुळे जागा निवडताना बरड, मुरमाड जमीन पाहावी. काळ्या जमिनीवरच करायचे असेल, तर वरचा थर काढून मुरूम भरावा, पाणी मारून थर-थराने दाबावा आणि वर क्रशरची चुरी द्यावी. पाणी वाहून जायला चर हवाच. गावचा रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला यातले काहीच नवे नाही. पैसा जमला, तर पुढे त्यावर डांबराचा थर देता येतो आणि ट्रॅक पावसाळ्यातही वापरता येतो. वर्ध्याचा मे महिना पाहता सराव सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावरच, हेही वेळापत्रकात लिहून ठेवावे.

सायकल घेताना पालकांनी काय पाहावे?

दुकानातील प्रत्येक 'बीएमएक्स' उड्यांसाठी नसते. मुलांच्या बहुतेक स्वस्त सायकली साध्या पोलादाच्या, प्लास्टिकच्या पॅडलच्या आणि गल्लीत फिरण्यापुरत्या बनवलेल्या असतात. त्या पंप ट्रॅकवर चालतील, उंच उडीत मात्र हँडलचा सांधा किंवा पुढचा फोर्क दगा देऊ शकतो. म्हणून विकत घेताना तीन प्रश्न विचारावेत. फ्रेम कोणत्या धातूची आहे? चाकाच्या मध्यभागी बेअरिंग बंदिस्त आहेत का? आणि सुटे भाग नागपूरला तरी मिळतील का? खऱ्या स्पर्धेची सायकल साध्या सायकलीच्या कित्येक पट महाग असते, पण पहिल्या वर्षी तिची गरज नाही. पहिल्या वर्षी पैसे खर्च करायचे ते हेल्मेटवर. आणि शोभेचे अनावश्यक भाग, उदाहरणार्थ समोरची टोपली, मागचे कॅरिअर किंवा बाजूचा स्टँड, सराव सुरू करण्यापूर्वी काढून ठेवावेत. पडताना तेच लागतात.

पुढाकार कोणी घ्यायचा?

शेजारच्या अमरावतीत १९१४ मध्ये एक आखाडा सुरू झाला. तो पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशाला परिचित झाला आणि १९३६ मध्ये त्याच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. सुरुवात सरकारी आदेशाने झाली नव्हती, मातीच्या हौद्यापासून झाली होती. वर्ध्याचा स्वतःचा वारसाही याच दिशेचा आहे. १९३७ मध्ये येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. त्याचा गाभा असा की, मुलाने हाताने काम करत शिकावे. जी मुले आपली टेकडी स्वतः रचतात, पंक्चर स्वतः काढतात, साखळीला तेल स्वतः घालतात आणि लहानग्याला तोल धरायला शिकवतात, ती वेगळे काय करत असतात?

जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांत एखादा कोपरा राखून ठेवणे, नगर परिषदांनी नवी उद्याने आखताना फक्त पदपथ आणि झोपाळ्यांवर न थांबणे, एका-दोन क्रीडा शिक्षकांना महासंघाच्या प्रशिक्षणासाठी पाठवणे आणि मैदानावर प्रथमोपचाराची पेटी व एक जबाबदार प्रौढ असल्याशिवाय सराव होऊ न देणे, एवढे आरंभाला पुरे. सरकारी योजनेतून शाळकरी मुलींना सायकली मिळतात, त्या शाळेपर्यंत जाण्यासाठी. त्याच मुलींसाठी मैदानात वेगळा वेळ राखला, तर त्यांनाही सायकल खेळण्यासाठी असते हे कळेल. आज रस्त्यावर चाक उचलणाऱ्यांत त्या दिसत नाहीत. याचा अर्थ त्यांना ते नको आहे असा नाही.

वर्ध्यातून ऑलिम्पिक खेळाडू निघेल की नाही, याचे भाकीत कोणी करू नये. त्याला अनेक वर्षे, अनेक मुले आणि थोडे नशीब लागते. पण त्याआधीचा प्रश्न साधा आहे. पुढचे चाक उचलण्याची इच्छा मुलांमध्ये आहेच, ती कोणत्याही परिपत्रकाने जाणार नाही. ते चाक डांबरी रस्त्यावर बसच्या पुढे उचलले जावे की मुरमाच्या ट्रॅकवर हेल्मेट घालून, एवढेच मोठ्यांच्या हाती आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी एका ओसाड जागेवर काही मुलांनी फावड्याने चार ढिगारे रचले आणि त्यातून ऑलिम्पिकचा खेळ उभा राहिला. वर्ध्यात ओसाड जागाही आहे, फावडीही आहेत. त्यातली एक जागा मुलांच्या नावे करून देण्याचा निर्णय तेवढा बाकी आहे.